क्रियापदाच्या वेषांतलीं विशेषणें



'आय अ‍ॅम टायर्ड.' इंग्रजीचे धडे घेऊं लागलेल्या मुलाला अगदीं आरंभीं भेटणारें हें तीन शब्दांचें वाक्य आहे. आणि त्यांतला तिसरा शब्द हाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

कांहीं दिवसांपूर्वीं मला मुरुडहून एक पत्र आलें. मुरुड म्हणजे जंजिऱ्याच्या शेजारचें कोंकणांतलें नव्हे, तर लातूर-बार्शी रस्त्यावरचें, मराठवाड्यांतलें. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांच्या मुलाला शाळेच्या परीक्षेंत ह्याच वाक्यांतल्या 'टायर्ड' शब्दाची जात ओळखावयास सांगितली होती. मुलानें लिहिलें, 'विशेषण'. तपासणारांनीं त्यावर तांबडी रेघ ओढली आणि शेजारीं लिहिलें, 'क्रियापदाचें तिसरें रूप, कर्मणि प्रयोग'. मुलगा घरीं आला तो प्रश्न घेऊनच: "बाबा, हा कर्मणि प्रयोग असेल, तर मला दमवलं कुणी?"

वडिलांपाशीं उत्तर नव्हतें. ते मराठी माध्यमाच्या शाळेंत शिकलेले. त्यांना 'धातुसाधित' हा शब्द आठवला, पण धातुसाधित म्हणजे क्रियापद कीं विशेषण, हें कांहीं केल्या आठवेना. आजोबा निजामाच्या राजवटींत उर्दू शाळेंत शिकलेले. त्यांनीं खाटेवरूनच निकाल दिला कीं, हें तर 'इस्मे-मफऊल'! एका घरांत तीन पिढ्या, तीन व्याकरणें आणि एका शब्दाचीं तीन नांवें. एक गुण गेला, त्याचें त्या गृहस्थांना दुःख नाहीं. पण 'विचार करून लिहिलेलें चूक ठरतें, तर यापुढें पाठ केलेलेंच लिहीन' असें मुलगा म्हणूं लागला आहे, ह्याची मात्र त्यांना चिंता वाटते. ती मलाहि वाटते, आणि म्हणूनच हा रुक्ष वाटणारा विषय मीं आज आपल्यापुढें मांडावयास घेतला आहे.

मुलाचें उत्तर बरोबर आहे, हें प्रथमच सांगून टाकतों. तें कां बरोबर आहे, हें सांगावयास मात्र थोडा वेळ लागेल.

शब्दाची जात त्याच्या तोंडावळ्यावरून ठरत नाहीं. तो वाक्यांत कोणतें काम करतो, ह्यावरून ठरते. ही गोष्ट व्याकरणाचीं पुस्तकें पहिल्या पानावर सांगतात, आणि आपण शिक्षक मंडळी दुसऱ्या पानावर ती विसरतों. इंग्रजींत धातूला 'एड' लागलें कीं झालेल्या क्रियेचें रूप होतें, 'इंग' लागलें कीं चालू क्रियेचें रूप होतें, हें खरें. परंतु हीं रूपें क्रियापदाचें घर सोडून विशेषणांच्या वस्तींत राहावयास जातात, आणि एकदां तेथें रुळलीं म्हणजे त्यांची वागणूकहि बदलते. 'द थीफ वॉज अरेस्टेड', म्हणजे चोर पकडला गेला, ह्या वाक्यांत 'अरेस्टेड' हें क्रियापदाचेंच अंग आहे. एक घटना घडली, ती कोणीतरी घडविली, आणि 'बाय द पोलीस' असे शब्द पुढें जोडून त्या कोणाचें तरी नांवहि सांगतां येतें. 'आय अ‍ॅम टायर्ड' ह्या वाक्यांत घटना नाहीं, स्थिति आहे. म्हणून तेथें 'व्हेरी टायर्ड' असें म्हणतां येतें. 'व्हेरी अरेस्टेड' असें म्हणून पाहा. ऐकणारा इंग्रज हंसेल. 'ही लुक्स टायर्ड', तो दमलेला दिसतो, हें चालतें. त्याच जागीं 'अरेस्टेड' घातलें तर वाक्य लंगडें पडतें. कमी-अधिकपणा दाखवितां येणें आणि 'दिसणें', 'वाटणें' अशा क्रियापदांच्या पुढें सुखानें बसतां येणें, हीं विशेषणाचीं लक्षणें आहेत. मुलाचा प्रश्न, 'मला दमवलं कुणी?', हा खरोखर त्याच कसोटीचा एक प्रकार आहे. ज्या वाक्यांत करणारा शोधूनहि सांपडत नाहीं, त्याला कर्मणि प्रयोग म्हणण्याआधीं दहा वेळां थांबावें.

दुसरी एक कसोटी मला फार आवडते. 'एक्सपेक्ट' म्हणजे अपेक्षा करणें. 'अनएक्सपेक्टेड गेस्ट' म्हणजे अनपेक्षित पाहुणा. आतां 'अनएक्सपेक्ट' असा धातु इंग्रजी कोशांत शोधावयास जा. तो मिळावयाचा नाहीं. अपेक्षा करतां येते, पण 'अनपेक्षा' करण्याची क्रिया जगांत कोणी करीत नाहीं. मग हें तिसरें रूप कोणत्या क्रियापदाचें? कोणत्याच नव्हे. तें रूप आधीं विशेषण झालें, आणि मग विशेषण म्हणूनच त्याला नकाराचा उपसर्ग लागला.

कांहीं ठिकाणीं तर इंग्रजी भाषेनें कानालाच खूण करून ठेवली आहे. 'लर्न' ह्या धातूचें भूतकाळाचें रूप 'लर्न्ड' असें एका आघातांत उच्चारतात. पण विद्वान् मनुष्य असा अर्थ असेल तेव्हां तेंच अक्षर 'लर्नेड' असें दोन आघातांत फुटतें. 'ब्लेस्ट' आणि 'ब्लेसेड', 'एज्ड' आणि 'एजेड' ह्या जोड्या तशाच. पूर्वीं हें 'एड' सर्वत्र स्वतंत्रपणें उच्चारलें जात असे. क्रियापदांत तें रोजच्या वापरानें झिजलें. विशेषण होऊन बाजूला बसलेल्या कांहीं शब्दांत तें जुन्या दागिन्यासारखें राहून गेलें.

त्याहून मौजेची गोष्ट अशी कीं, 'एड' लागलेले पुष्कळ शब्द क्रियापदापासून निघालेलेच नाहींत. 'बिअर्ड' म्हणजे दाढी. 'बिअर्डेड' म्हणजे दाढी असलेला. 'हॉर्न्ड' म्हणजे शिंगें असलेला. येथें 'एड' नामाला लागला आहे, आणि त्याचा अर्थ 'असलेला' एवढाच आहे. 'टॅलेंटेड' हा शब्द याच घराण्यांतला. पण कोलरिज ह्या इंग्रज कवीला तो मुळींच खपत नसे. १८३२ सालच्या एका संभाषणांत त्यानें, ज्याला क्रियापद नाहीं त्याचें धातुसाधित कसें बनवितां, असा आक्षेप घेऊन नाण्यांच्या नांवांपासून तसेच शब्द पाडून त्याची टर उडविली. कवीचा राग व्यर्थ गेला, शब्द राहिला.

कोलरिजला पाणिनि ठाऊक असता तर हा राग कदाचित् आला नसता. संस्कृतांत धातूला 'क्त' प्रत्यय लागून गत, कृत, लिखित अशीं रूपें होतात, हें आपणां सर्वांस माहीत आहे. पण तारकित, पल्लवित, कंटकित हे शब्द पाहा. दिसावयास ते 'लिखित'च्या पंक्तींतले. तरी आकाश तारकित झालें म्हणजे आकाशावर कोणी 'तारकण्याची' क्रिया केली असें नव्हे; त्यांत तारका उगवल्या, एवढेंच. पाणिनीनें ह्या शब्दांसाठीं 'तारकादि' असा निराळा गट केला आणि त्यांना 'क्त' न लावतां नामाला लागणारा 'इतच्' हा निराळा प्रत्यय सांगितला. तोंडावळा एक आणि कुळ निराळें, हें त्यानें अडीच हजार वर्षांच्या सुमारास मागें ओळखलें होतें.

आतां मराठी घरांतल्या मुलाला इंग्रजीचीं हीं रूपें इतकीं अडचणीचीं कां वाटतात, तें पाहूं. त्याचा आळस किंवा मंदबुद्धि हें कारण नव्हे. कारण त्याच्या मातृभाषेंत आहे, आणि तें कारण चांगलें आहे.

'स्लीपिंग चाइल्ड' ह्याला मराठींत आपण काय म्हणतों? 'झोपलेलें मूल'. इंग्रजींत चालू क्रियेचें रूप आहे. मराठींत झालेल्या क्रियेचें. 'सिटिंग मॅन' म्हणजे 'बसलेला मनुष्य'. भिंतीला टेकलेली शिडी, पटका बांधलेला शेतकरी, पोर कडेवर घेतलेली बाई, ह्या सर्वांना इंग्रजींत 'इंग' लागतें. मराठी दृष्टीनें झोपणें, बसणें, टेकणें ह्या क्रिया एका क्षणांत घडून संपतात, आणि मागें उरते ती त्यांची स्थिति. मूल रात्रीं नऊला झोपलें. त्यानंतर तें 'झोपलेलें' आहे. इंग्रजी दृष्टीनें तीच झोप सकाळपर्यंत चालूं आहे. म्हणून आपला मुलगा 'अ स्लेप्ट चाइल्ड' असें लिहितो. त्यानें मराठी काळजीपूर्वक भाषांतरिली, हाच त्याचा अपराध. शिक्षकानें अशा वेळीं चूक दुरुस्त करावी, पण तिच्यामागचें मराठी शहाणपणहि मुलाला दाखवून द्यावें. भर म्हणून 'स्लीपिंग कार' आणि 'वॉकिंग स्टिक' हीं मंडळी आहेतच. आगगाडीचा डबा झोपत नाहीं आणि काठी चालत नाहीं. तेथें 'इंग' हें विशेषण नसून नामच दुसऱ्या नामाला जोडलेलें आहे: झोपावयाचा डबा, चालावयाची काठी.

दुसरा खड्डा मनाच्या विकारांचा. 'आय अ‍ॅम बोअरिंग' असें म्हणून किती विद्यार्थ्यांनीं स्वतःची नालस्ती करून घेतली असेल, त्याची गणती नाहीं! म्हणावयाचें असतें 'मी कंटाळलों', आणि म्हटलें जातें 'मी कंटाळवाणा आहें'. ह्याचेंहि मूळ मराठींतच. आपण 'मला कंटाळा आला', 'मला गंमत वाटली', 'मला राग आला' असें बोलतों. कंटाळा, गंमत, राग हे पाहुण्यासारखे बाहेरून येतात आणि 'मला' भेटतात; मी करणाराहि नाहीं आणि माझ्यावर कोणी कांहीं केलेंहि नाहीं. इंग्रजी मात्र दोनच दारें उघडी ठेवते: एक तर विकार उत्पन्न करणारा व्हा, म्हणजे 'इंग'; नाहीं तर विकार झालेला व्हा, म्हणजे 'एड'. मुलगा दारांत घुटमळतो, त्यांत नवल तें काय?

मात्र येथें मराठी अगदींच रिकाम्या हातांची नाहीं. 'कंटाळवाणें भाषण' आणि 'कंटाळलेला श्रोता' ही जोडी घ्या. (उदाहरण मीं मुद्दामच आपल्या सोईचें घेतलें आहे.) 'बोअरिंग' आणि 'बोअर्ड' ह्यांतला सगळा भेद ह्या जोडींत आहे. 'लाजिरवाणें कृत्य' आणि 'लाजलेली मुलगी' ही दुसरी. आणि तिच्या शेजारीं 'लाजरी मुलगी' ही तिसरी उभी आहे, जी आतां या घटकेला लाजलेली नसेलहि, पण जिचा स्वभावच तसा आहे. 'वाणा' हा प्रत्यय प्रत्येक ठिकाणीं विकार उत्पन्न करणारालाच लागतो असें मात्र नाहीं. ओशाळवाणा चेहरा हा स्वतःच ओशाळलेला असतो. तेव्हां ही युक्ति पायरी म्हणून वापरावी, कायदा म्हणून नव्हे.

आतां त्या घरांतल्या तीन व्याकरणांकडे वळूं. हें भांडण मुरुडांत नव्हे, फार दूर सुरू झालें. ग्रीक व्याकरणकारांनीं शब्दांच्या आठ जाती मानल्या, आणि त्यांत ह्या रूपांना एक स्वतंत्र जात दिली. तिच्या नांवाचा अर्थ 'वांटेकरी': नामाप्रमाणें लिंग-विभक्ति चालतात, क्रियापदाप्रमाणें काळ दिसतो, दोन्ही घरांत वांटा. लॅटिन पंडितांनीं त्या नांवाचें भाषांतर 'पार्टिसिपियम' असें केलें, त्यावरूनच इंग्रजी 'पार्टिसिपल' आला. पुढें इंग्रजी शालेय व्याकरणांनीं बहुधा ती स्वतंत्र जात मोडली आणि वांटेकऱ्याला क्रियापदाच्या ओसरीवर आणून बसविलें. त्या ओसरीवरूनच तांबडी रेघ आली.

अरबी व्याकरणाचा संसार आटोपशीर आहे. तेथें शब्दांच्या तीनच जाती: इस्म, फेल आणि हर्फ, म्हणजे नाम, क्रियापद आणि अव्यय. करणारा दाखविणारें रूप तें 'इस्मे-फाइल' आणि ज्यावर क्रिया झाली तें दाखविणारें 'इस्मे-मफऊल'. दोन्हींच्या नांवांतच 'इस्म' आहे, हें ध्यानांत घ्या. विशेषण हें त्यांच्या मतें इस्माच्याच पोटांत येतें. तेव्हां ह्या रूपांचें घर नामाच्या वाड्यांत आहे, क्रियापदाच्या नव्हे. आजोबांचें शिक्षण झालें तेव्हां मुरुड हैदराबाद संस्थानांत, उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ सालीं. संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें तर वरच्या शिक्षणाचें माध्यमहि उर्दूच ठेवलें. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तें सारें मागें पडलें. पण त्या शाळांतून शिकलेल्यांच्या डोक्यांत तीं नांवें तशींच राहिलीं.

आणि त्या नांवांपेक्षां त्या रूपांनींच मराठींत अधिक खोल मुळें धरलीं आहेत. कायम, हजर, लायक, गाफील, जालीम हे शब्द आपण दिवसांतून कितीदां वापरतों! हे सगळे मूळचे इस्मे-फाइल आहेत. 'कायम' म्हणजे उभा असलेला; गफलतींत असलेला तो गाफील; जुलूम करणारा तो जालीम. उलट मंजूर, मशहूर, मशगूल, मजबूत, मजकूर हे इस्मे-मफऊल. नजरेखालीं घातलेलें तें मंजूर. ज्याचा जिक्र झाला तें मजकूर. म्हणून फिर्यादींत 'मजकूर इसम' म्हणजे वर उल्लेखिलेला इसम, आणि वर्तमानपत्रांतला 'मजकूर' मात्र आतां शुद्ध नाम होऊन बसला आहे. 'जप्त' आणि 'मजबूत' हे दोन शब्द एकाच अरबी धातूचे आहेत, हें जप्ती आलेल्या मनुष्याला सांगून खरें वाटणार नाहीं. पण घट्ट धरणें हा मूळ अर्थ घेतला म्हणजे दोन्ही उलगडतात. ह्यांपैकीं कोणत्याहि शब्दांतलें क्रियापद आज मराठी माणसाला दिसत नाहीं. तो 'फार मजबूत' म्हणतो आणि पुढें जातो.

राहिलें संस्कृत, म्हणजे वडिलांचें 'धातुसाधित'. पाणिनीच्या पद्धतींत धातूला कृत् प्रत्यय लागून जो शब्द होतो, तो कृदन्त. आणि कृदन्ताला विभक्तीचे प्रत्यय लागतात, क्रियापदाचे नव्हेत. म्हणजे संस्कृतानेंहि त्याला नामाच्या पंक्तींतच जेवावयास बसविलें. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध केलें तेव्हां इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्या डोळ्यांपुढें होता. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत येतां येतां संस्कृत आणि इंग्रजी ह्या दोन पद्धतींचा मेळ कसा घालावा, हा वाद आपल्या व्याकरणकारांना पुरून उरला. 'धातुसाधित' हें नांव त्या वादांतून टिकलें, कारण तें सावध आहे. शब्द कोठून निघाला एवढेंच तें सांगतें. कोठें पोंचला तें सांगत नाहीं. धातुसाधित नाम असतें, धातुसाधित विशेषण असतें, धातुसाधित अव्ययहि असतें. वडिलांना आठवलेलें चूक नव्हतें. तें अर्धें होतें. आजोबांचें उत्तर अरबी वाड्याचें खरें, आणि तें नातवाच्या उत्तराच्या बरेंच जवळ आहे.

पण माझ्या मतें ह्या विषयांतली खरी चमत्कारिक गोष्ट इंग्रजींत नाहीं आणि अरबींतहि नाहीं. ती आपल्या 'गेला' ह्या शब्दांत आहे. 'राम गेला, सीता गेली, पांखरूं गेलें.' क्रियापद असून हा शब्द लिंगाप्रमाणें बदलतो. लिंगाप्रमाणें बदलणें हा तर 'चांगला, चांगली, चांगलें' ह्यांचा, म्हणजे विशेषणाचा धर्म! ह्याचें कारण सरळ आहे. संस्कृत 'गत' हें कृदन्त. प्राकृतांत त्याच्यावर 'इल्ल' प्रत्यय चढला, आणि घांसतां घांसतां 'गेला' झालें. थोरला, धाकला, मधला, पहिला ह्यांतला 'ला' सुद्धां त्याच 'इल्ल'चा वंशज मानतात. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक ह्यानें मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला त्यांत ह्या रूपांची चर्चा आहे, आणि तो ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं मराठींतहि आणला आहे. थोडक्यांत, इंग्रजींत क्रियापदें विशेषणांचा वेष घेतात. मराठींत विशेषणच क्रियापद होऊन घरचें कर्तेंपण करूं लागलें.

जुनें विशेषणपण अजून पुरतें गेलेलें नाहीं. 'सोमवार गेला' ह्यांत 'गेला' क्रियापद. 'गेला सोमवार' म्हटलें कीं विशेषण. अक्षर एक नाहीं बदललें. शब्दानें फक्त जागा बदलली. 'गेल्या वर्षीं', 'आल्या पाहुण्याला', 'केल्या कामाचें' असे प्रयोग त्याच जुन्या मिरासीचे आहेत. पण 'गेला' क्रियापद म्हणून फार राबूं लागला, तेव्हां विशेषणाला दुसरा माणूस लागला. म्हणून भाषेनें त्याच 'ला'वर आणखी एक 'ला' चढविला आणि 'गेलेला' केला. खेड्यापाड्यांत 'गेल्याला', 'पिकल्याला' असें म्हणतात, तेंहि तेंच.

आपल्या ताटांतसुद्धां हीं कृदन्तें वाढलेलीं असतात. 'दुग्ध' म्हणजे पिळून काढलेलें, धार काढलेलें. त्याचें झालें दूध. 'भक्त' म्हणजे वांटा म्हणून दिलेलें, त्याचा भात. 'नवनीत' म्हणजे नव्यानें काढलेलें, त्याचें लोणी. हीं तर विशेषणपणाच्याहि पुढें जाऊन शुद्ध नामें झालीं. 'शुष्क'चा सुका झाला, 'रिक्त'चा रिता. आणि 'पक्व'चा झाला पक्का. पच् म्हणजे शिजविणें. पक्का म्हणजे शिजलेला, पिकलेला. आतां 'पोक्त' हा शब्द घ्या. पोक्त मनुष्य, पोक्त विचार. हा फारसी 'पुख्ता', म्हणजे पुन्हां शिजलेला, पिकलेला! फारसी आणि संस्कृत ह्यांचा मूळ धातु एकच. इतकेंच नव्हे, तर इंग्रजी 'कुक' हा लॅटिनमधून आलेला शब्दहि त्याच प्राचीन धातूचा मानला जातो. म्हणजे पक्का, पोक्त आणि 'कुक्ड' हीं तीन सख्ख्या भावंडांचीं मुलें: एक प्राकृतांतून आलें, एक इराणांतून, एक युरोपांतून, आणि तिघांची गांठ पडली ती मुरुडच्या त्या एका घरांत, वडील, आजोबा आणि नातू ह्यांच्या तोंडीं.

शेवटीं एक भेद सांगावयाचा राहिला. मराठींत धातूपासून विशेषण करण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो इंग्रजी शिकवितांना आपण वापरीत नाहीं, हें मला खेदानें म्हणावेंसें वाटतें. फाटका आणि फाटलेला, मोडका आणि मोडलेला, तुटका आणि तुटलेला, पडका आणि पडलेला. प्रत्येक जोडींत धातु एकच. पण 'कालच फाटलेला सदरा' म्हणतां येतें. 'कालच फाटका सदरा' म्हणतां येत नाहीं. 'लेला' लागलेल्या शब्दाला घटना आठवत असते. ती केव्हां घडली, कशानें घडली, कोणी घडविली, हें त्याला विचारतां येतें. 'का' लागलेला शब्द घटना विसरला आहे. त्याला केवळ स्थिति ठाऊक आहे. पहिला 'अरेस्टेड'कडे झुकतो, दुसरा 'टायर्ड'च्या बाजूचा. 'दमलेला' हा स्वतः मध्यें उभा आहे: 'कामानें दमलेला'हि होतो आणि 'फार दमलेला'हि होतो. अशा सीमेवरचे शब्द दोन्ही भाषांत आहेत, आणि तेथें परीक्षकानें हात आंखडता घ्यावा, हें बरें.

हा भेद केवळ वर्गांतला नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे लातूर जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंतींचीं घरें माणसांवर कोसळलीं. अशा प्रसंगानंतर गांवोगांव पंचनामे होतात. पंचनाम्यांत एखाद्यानें घाईनें 'पडकें घर' असें लिहिलें, तर त्याचा अर्थ होतो कीं, घर आधींपासूनच तसें होतें. 'पडलेलें घर' लिहिलें, तर तें पडलें, एका दिवशीं पडलें, आणि कशानें पडलें तें विचारतां येतें. 'भूकंपांत पडलेलें' असें म्हणतां येतें; 'भूकंपांत पडकें' असें म्हणतांच येत नाहीं. भरपाई मागणाऱ्या विधवेला व्याकरण येत नसेल, पण कागद वाचून दाखविला तर ती नेमकी ह्याच शब्दाशीं थांबवील.

शिक्षकांनीं म्हणून ही घरची जोडी आधीं फळ्यावर लिहावी. 'काल' हा शब्द दोन्हींपुढें ठेवून मुलांकडून मोठ्यानें म्हणवून घ्यावा, मग 'फार' हा शब्द ठेवावा. कोठें जीभ अडते तें मुलें आपण होऊन सांगतात. त्यानंतर त्याच फळ्यावर खालीं 'अरेस्टेड' आणि 'टायर्ड' लिहावें, आणि 'व्हेरी' कोणाच्या मागें लावावयाचें तें मुलांनाच ठरवूं द्यावें.